चिंचेच्या दोन भिंती

फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा गावाभोवती गावकुसाची भिंत असे आणि दिवेलागणीला वेशीचा दरवाजा बंद होई. अशा एका गावात देवीचे देऊळ होते, देवळाला लागून अन्नछत्र होते, आणि त्या अन्नछत्रात भिवरा नावाची बाई आमटी करत असे.

गाव चिंचांचे. वाटेच्या दोन्ही बाजूंना चिंचा, ओढ्याकाठी चिंचा, देवळामागेही चिंचाच. भिवरा रोज सकाळी घमेलेभर चिंच भिजत घाली, तिचा कोळ काढी आणि उरलेला चोथा उकिरड्यावर टाकून देई. असे तिने वर्षानुवर्षे केले. मग एक दिवस चोथा टाकता टाकता तिचा हात थांबला. जिच्या नुसत्या आठवणीने दात आंबतात, तिचा सगळा जीव आमटीतच उतरला असेल कशावरून?

तिने तो चोथा पितळी घागरीवर घासला. गावात तोवर सगळेजण राखेनेच भांडी घाशीत. घागर धुतली, तेव्हा भिवराला तिच्यात आपला चेहरा दिसला, कपाळावरच्या गोंदणासकट.

दुसरी कोणी असती तर लगेच गावभर सांगत सुटली असती. भिवरा तशी नव्हती. एकदा जमले म्हणजे जमले, असे ती मानत नसे. तीच घागर तिने पुन्हा काळी पडू दिली आणि पुन्हा घासली, एकदा ताज्या चोथ्याने, एकदा शिळ्या, एकदा मीठ घालून. तीनही वेळा जमले, तेव्हा तिने आपल्या घराच्या ओटीच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर चुन्याने एक घागर काढली. तिला लिहिता येत नव्हते, पण घागर घागरीसारखी दिसत होती.

हळूहळू भिंत भरू लागली. तांब्याचा तांब्या आला, समई आली. मासळीचा वास जाणारा हात आला. त्यासाठी भिवराने कोळणीला तीन दिवस दारात बसवून घेतले होते. सगळ्यांत वर एक हंडा होता. पाणी तापवून तापवून हंड्याच्या आत क्षाराचा जो पांढरा थर बसतो, तो चिंचेच्या कोळाने खरवडल्याशिवाय निघून येतो, हा तिचा सर्वांत लाडका शोध.

पण जमले तेवढेच ओटीवर येई. जे फसले, ते ती आत चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने काढी आणि त्यावर फुली मारी. लोखंडी तव्याचा गंज गेला, पण दुसऱ्या दिवशी दुप्पट होऊन परत आला. फुली. पांढऱ्या लुगड्यावरचा डाग गेला नाहीच, वर तांबूस ओघळ उठला. फुली. पाथरवटाकडून मागून आणलेल्या संगमरवराच्या तुकड्यावर तिने चोथा रात्रभर ठेवला. सकाळी तुकड्याची झिलई गेलेली, बोट फिरवले तर खडूसारखा खरखरीत. तिने चौकोन काढला, फुली मारली आणि तुकडा कोनाड्यात ठेवून दिला.

चुकलेला पदार्थ पंगतीत कोण वाढतो, असे ती मनाशी म्हणे. ओटीवर चारचौघे येतात, तिथे चांगले तेवढेच असावे.

आणि लोक खरोखरच येऊ लागले. कोणी बघायला, कोणी विचारायला, कोणी नुसते चेष्टा करायला. कुंभारीण एकदा म्हणाली, "भिवराकाकू, आमच्या ह्यांच्या डोक्याला लावून बघू का चोथा? जरा उजळलं तर बरं."

"आतून कल्हई आहे का ते बघ आधी," भिवरा म्हणाली. "नसेल तर आंबटानं कळकेल."

ओटीवर हशा पिकला. भिवराला हे सगळे आवडे. आपली भिंत कधी खोटी पडत नाही, याचा तिला अभिमान होता, आणि तो अभिमान काही फुकटचा नव्हता.

भिवराच्या शेजारी चिमा राहत असे. देवळाची झाडलोट तिच्याकडे होती. देवळासमोर राजाने दूरदेशीचा संगमरवर आणून एक शुभ्र चौथरा बांधला होता. नवरात्रात देवीची पालखी त्यावर विसावे. रोजच्या सड्याच्या पाण्याने त्यावर पांढरट वलये उमटली होती. नवरात्र चार दिवसांवर आले, राजा स्वतः येणार होता, आणि चिमाने किती घासले तरी वलये जाईनात.

मग तिला ओटीवरचा हंडा आठवला. हंड्यातला पांढरा थर पाण्याचा आणि चौथऱ्यावरची वलयेही पाण्याचीच. काकूंना विचारायला ती आली होती, पण काकू अन्नछत्रात होत्या. शिवाय भिंत तर समोरच होती. चिमाने उकिरड्यावरचा टोपलीभर चोथा उचलला, चौथराभर थापला आणि सकाळपर्यंत तसाच ठेवला.

सकाळी तिने चौथरा धुतला. वलये गेली होती, आणि त्यांच्याबरोबर चौथऱ्याची सगळी झिलईही गेली होती. कोणीतरी राख फासल्यासारखा तो दिसत होता.

राजा आला आणि चौथऱ्यापाशी थांबला. देवीच्या वस्तूची नासधूस करणाऱ्याने दिवस मावळायच्या आत गाव सोडायचे, असा त्या राज्याचा नियम होता. चिमा रडत म्हणाली, की भिवराकाकूंच्या भिंतीवर पाहून मी हे केले. तेव्हा भिवराला बोलावणे गेले.

भिवरा येईपर्यंत गावानेच तिची बाजू मांडली होती. काकूंच्या भिंतीवर हंडा आहे, चौथरा नाही, असे सगळ्यांनी राजाला सांगितले. ते अक्षरशः खरे होते. राजाने मान हलवली. आता भिवराने नुसता होकार दिला, की झाले. तिचे नाव स्वच्छ राहणार होते, तिच्या भिंतीसारखे.

चिमा कोणाकडेच पाहत नव्हती. तिची नजर वेशीच्या दरवाजाकडे लागली होती.

भिवराने पदर सावरला. "महाराज," ती म्हणाली, "माझ्या घरात आणखी एक भिंत आहे. ती बघा आणि मग काय ते ठरवा."

राजा वाकून स्वयंपाकघरात शिरला. चुलीमागे, धुराने काळवंडलेल्या भिंतीवर, त्याला कोळशाच्या फुल्यांची रांग दिसली. बरोबर आलेल्या म्हाताऱ्या पाथरवटाने कोनाड्यातला तुकडा हातात घेऊन पाहिला. "हा तर माझाच," तो म्हणाला. "वैशाखात मागून नेला होतास."

"म्हणजे संगमरवराला चिंच चालत नाही, हे तुला वैशाखापासून ठाऊक होतं?" राजाने विचारले.

"होतं, महाराज."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही, असं म्हणता येईल," भिवरा म्हणाली. "पण खरं ते नाही. फसलेलं दाखवायला मला कमीपणा वाटला. चिमानं माझी अर्धीच भिंत पाहिली, कारण मी तिला अर्धीच दाखवली."

राजाने पाथरवटाच्या हातातून तो तुकडा घेतला आणि परत कोनाड्यात ठेवला. मग म्हणाला, "जिला माहीत नव्हतं तिनं गाव सोडायचं आणि जिला माहीत होतं तिनं घरात बसायचं, असा न्याय माझ्याच्यानं होणार नाही. दोघी मिळून चौथरा पुन्हा उजळा. पाथरवट शिकवील तसा."

त्या नवरात्रात देवीची पालखी लाकडी पाटावर विसावली. दोघी रोज बारीक घोटणीचा दगड आणि पाणी घेऊन बसत आणि ओंजळभर जागा घोटून उठत. दिवाळी गेली, संक्रांत गेली. बोटांची कातडी निघाली, पुन्हा आली. शिमग्याच्या सुमारास चौथऱ्यात पहिल्यांदा देवळाच्या शिखराचे प्रतिबिंब दिसले.

"काकू," चिमा हात पुसत चेष्टेने म्हणाली, "यापुढे मी आधी मागची भिंत बघणार बरं का."

"मागे आता आहे काय?" भिवरा म्हणाली.

कारण न्यायाच्या दुसऱ्याच दिवशी तिने कोळसा घेऊन सगळ्या फुल्या ओटीवर आणल्या होत्या. आणताना त्या पहिल्यांदाच तिने मोजल्या. पांढरी चित्रे अकरा होती, काळी सत्तावीस. एवढी ओझी आपण चुलीमागे लपवली होती, याचे तिलाच नवल वाटले. भिंत आता पूर्वीसारखी देखणी राहिली नाही. पण लोक वाढले. लांबलांबच्या गावांहून बायका येत, आधी काळ्या फुल्यांपुढे थांबत, आणि मग निर्धास्तपणे पांढऱ्या चित्रांकडे वळत.

बोध: आपला उपाय कुठे चालतो हे सांगणाऱ्याने तो कुठे चालत नाही हेही तितक्याच मोकळेपणाने सांगावे, नाहीतर त्याचे अर्धे सांगणे दुसऱ्याचे पुरते नुकसान करते.