पोस्टकार्डाएवढी फट

सायकली आपसात बोलत असत, त्या काळातली गोष्ट. इस्माईलमिस्त्रींनी एका सायकलीची झिजलेली, बारीक रिम काढून दुकानासमोरच्या कडुलिंबाला खुणेसाठी टांगली आणि तिच्या जागी नवी रुंद रिम बसवली. पण ब्रेकची दोन्ही रबरं जुन्याच मापानं आत सरकून बसलेली. ती नवीला दोन्हीकडून चिकटली आणि चाक फिरेना.

मिस्त्रींनी ब्रेकची तार सैल केली. दोन्ही बाजूंना पोस्टकार्ड सरकेल एवढी फट ठेवली.

थोरल्या रबराला गलबलून आलं. "एवढं लांब? जुनीला तर आम्ही जन्मभर कवटाळून होतो!"

कडुलिंबावरून जुनी रिम हसली. "जन्मभर कुठं रे? उतार आला की धरायचात. बाकी सगळी वाट मला मोकळी सोडलीत, म्हणून तर एवढी गावं पाहिली मी."

सायकल रस्त्याला लागली. नवी रिम शेजारून भिरभिरत होती, थोरल्यानं तिला स्पर्शही केला नाही. नदीकडचा उतार लागला तसं मात्र दोघांनी तिला घट्ट धरलं.

उतार सरल्यावर नवीनं हळूच विचारलं, "तिलाही असंच धरायचात?"

"अस्संच," थोरलं म्हणालं आणि त्यानं तिला सोडलं.