मरियमचा पंजा

“ईसाला देवाचा मुलगा म्हणणाऱ्या घरात आपला पंजा द्यायचाच कसा, बाबा?”

दर्ग्यात बाबांच्या हाताखाली असलेला मुदस्सर दारात आडवा हात लावून उभा होता. पायरीवर इनासबाय बसलेली. तिची सून फिलू सकाळपासून अडली होती आणि म्हातारी खाडीपल्याडच्या ख्रिस्ती वाडीतून धापा टाकत आली होती.

दर्ग्याचे मुजावर नूरशा बाबा नुकतेच कब्रस्तानातून परतले होते. एका म्हाताऱ्या खलाशाला माती देऊन आले होते.

मरियम म्हणजे ईसाची, येशूची आई; तिच्या नावाचा हा पंजा म्हणजे हाजींनी मक्केहून आणलेलं एक वाळकं रोपटं, मुठीसारखं मिटलेलं. पाण्यात टाकलं की हळूहळू उघडतं. बाई अडली की ते पाणी तिला पाजायचं, आणि मोकळी झाली की पंजा वाळवून दर्ग्यात परत आणायचा. त्या किनाऱ्यावर हे पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. सून कुणाची, देव कुठला, हे कुणी विचारलं नव्हतं. बाहेरून शिकून आलेल्या या शहाण्याने ते विचारलं. वर पंजाच्या पेटीला कुलूपही ठोकलं!

“कधीची बसली आहेस, बाय?”

“अजान झाली त्याच्या आधीपासून. हा मला विचारतो, तुमची मरियम कोण नि आमची कोण. बाबा, घरात पोर मरायला टेकलीय. मी याला धर्म शिकवत बसू?”

बाबांनी हात पुढे केला. “किल्ली.”

“आधी ऐकून तरी घ्या. त्यांची गोष्टच वेगळी आहे. त्यांची मरियम गोठ्यात बाळंत होते. आपली खजुराच्या झाडाखाली.”

“म्हणजे घरात तिला कुणीच घेतलं नाही. त्यांच्यातही नाही, आपल्यातही नाही.”

“मुद्दा तो नाही...”

“किल्ली दे.”

मुदस्सरने मूठ आणखी आवळली.

बाबांनी वाद घातला नाही. त्याचा हात बाजूला सारून ते आत गेले, लोबान कुटायचा बत्ता उचलला आणि कुलपावर घातला. दुसऱ्या घावाला कुलूप कडीसकट खाली आलं. पंजा त्यांनी इनासबायच्या ओंजळीत ठेवला.

“पळ. होडी खाली उभीच आहे.”

म्हातारी उतार उतरू लागली.

मुदस्सर पुन्हा दारात येऊन चौकटीला आडवा हात लावून उभा राहिला. रागाने लाल झाला होता. “पीरसाहेबांची पेटी फोडलीत! मी इथे दीनासाठी, आपल्या धर्मासाठी उभा होतो, स्वतःसाठी नाही.”

बाबा पायरीवर बसले. बत्ता अजून हातातच होता.

“मरियमची गोष्ट येते ना तुला?”

“तोंडपाठ.” एवढ्या रागातही त्याची मान जरा ताठ झाली.

“सांग.”

“ती आपल्या माणसांपासून लांब, एकटी निघून गेली. कळा आल्या तशी खजुराच्या बुंध्याला टेकली. म्हणाली, याआधीच मेले असते तर बरं झालं असतं...”

“पुढे.”

“आवाज आला, दुःख करू नकोस, झाड हलव. पिकले खजूर खाली पडले. आज कुणाशी बोलू नकोस, मौनाचा रोजा धर, असं तिला सांगितलं गेलं.”

“पुढे.”

“मग बाळाला कडेवर घेऊन ती आपल्या लोकांत आली. लोक जमले. तिला अडवून जाब विचारायला लागले की...”

मुदस्सर थांबला.

त्याचा हात अजून चौकटीवर आडवाच होता. खाली खाडीवर होडी सुटली होती आणि इनासबाय दोन्ही हात छातीशी धरून तीत बसली होती.

“थांबलास का?” बाबा म्हणाले. “पुढचं वाक्य तर तुझंच आहे.”