म्हाळू पुढं का बसतो

चंदनगडच्या उतारावर एका वर्षात सात बैलगाड्या उलटल्या. कोतवाल रुद्राजीराव स्वतःला मोठा हुशार समजे. तो राजाला म्हणाला, "महाराज, मी नीट मोजलंय. सातही वेळा म्हाताऱ्यांचीच हाडं मोडली. साठी उलटलेल्यांच्या हातून कासरा काढून घ्या."

राजाने मान डोलावली आणि चिटणीस हुकूम लिहायला बसला. तेवढ्यात सत्तरीचा म्हाळू गाडीवान दरबारात आला. त्याचं पोट गाडीवरच होतं.

"महाराज, माझा जरा गोंधळ झालाय," तो म्हणाला. "हाडं मोडलेल्यांना एकदा विचारू द्या."

सातही जण लंगडत आले. म्हाळूने पहिल्या म्हातारीला विचारलं, "आक्का, गाडी उलटली तेव्हा तू कुठं बसली होतीस?"

"मागं, कडब्यावर. नातू हाकत होता, शेजारच्या गाडीशी शर्यत लावून."

दुसरा म्हणाला, "मीही मागंच. जावई हाकत होता."

असं करत पाळी सातव्यापर्यंत आली. तो कोतवालाची नजर चुकवत पुटपुटला, "मीही मागंच होतो. हाकत होते कोतवालसाहेबांचे चिरंजीव."

चिटणिसाची लेखणी हवेतच राहिली. राजाने डोकं खाजवत विचारलं, "म्हणजे हुकूम चुकीचा की बरोबर?"

"कोतवालसाहेबांची मोजणी बरोबरच आहे, महाराज," म्हाळू हात जोडून म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाला गाडीत धोका आहेच. पण तो मागं बसण्यात आहे. म्हणून तर मी पुढं बसतो."