फावड्यांची घंटा

उत्तरेकडच्या एका थंड समुद्राकाठी, फार जुन्या काळी, एक गाव होतं. गाव समुद्रापेक्षा सखल आणि मधे फक्त मातीचा बांध. हा बांध घरागणिक वाटून दिलेला होता. प्रत्येकाने आपला तुकडा राखायचा, भेगा चिखल-पेंढ्याने बुजवायच्या. ज्याला ते जमत नसे, त्याने आपलं फावडं बांधात रोवायचं आणि बायकामुलं घेऊन गाव सोडायचं. नियम कडक होता, पण गाव त्याच्याच जिवावर उभं होतं.

या गावात रादमार नावाचा एक बिशप धर्म सांगायला आला. माणूस चांगला होता, हे आधीच सांगून टाकतो. आजाऱ्यांच्या उशाशी बसायचा, स्वतःची भाकरी दुसऱ्याला द्यायचा. पण तीन वर्षं झाली तरी त्याचं कोणी ऐकेना. सगळे मिळून सात जणांनी बाप्तिस्मा घेतला होता, आणि त्यांतलेही दोघे वारले होते.

एकदा पानगळीच्या दिवसांत मोठं उधाण आलं. पाणी बांधाच्या माथ्याला लागलं. लोक माती टाकून टाकून दमले. खबर मिळताच रादमार धावत निघाला. वाटेतच त्याला गालावर जाणवलं, वारा फिरला आहे, आता पाणी आपसूक उतरणार. तरी तो बांधावर गेला, गुडघे टेकले आणि क्रूस उंच धरून प्रार्थना करू लागला. थोड्याच वेळात पाणी उतरलं.

"बिशपमहाराजांनी समुद्र मागे हटवला!" कोणीतरी ओरडलं, आणि सगळं गाव त्याच्या पाया पडलं.

रादमार खरं सांगायला तोंड उघडणार होता. पण समोर शंभरेक माणसं बाप्तिस्मा मागत उभी होती. एवढी माणसं देवाकडे येताहेत, तर आपण कशाला आडवं यायचं, असं त्याने मनाला समजावलं आणि तो गप्प राहिला.

त्या हिवाळ्यात बांधावर कोणी फिरकलं नाही. "बिशपमहाराज आहेत ना!" एवढंच बोलून लोक शेकोटीपाशी बसून राहत; फावडं रोवायचा जुना नियम कोणी काढेना. चाळीस वर्षं बांधाची देखरेख करणारा तम्मे नावाचा म्हातारा तेवढा रोज भेगा बघत फिरे. शेवटी तो रादमारकडे आला.

"महाराज, पाणी तुम्ही हटवलंत का?"

"देवाची इच्छा होती, तम्मे."

"ते मी विचारलं नाही."

रादमार समोरच्या मेणबत्तीची वात सारखी करू लागला.

"बरं, राहू दे. निदान लोकांना बांधावर पाठवा. तुमचं ऐकतील ते."

"सांगेन," रादमार म्हणाला. पण सांगितलं नाही. बांध दुरुस्त करा म्हटलं, तर लोक विचारणार, मग तुमची प्रार्थना कशाला? ते त्याला नको होतं.

पुढे गावाने ठरवलं, चर्चला घंटा करायची. लोखंड कुठून आणायचं? फावडी नाहीतरी पडूनच होती. सगळ्यांनी पाती काढून दिली, लोहाराने ती तापवून, ठोकून घंटा घडवली. पात्यांचा तो ढीग रादमारने पाहिला. खरं सांगायला अजूनही वेळ होता. पण त्याने हात उचलून घंटेला आशीर्वाद दिला. एकट्या तम्मेने आपलं फावडं दिलं नाही.

पुन्हा पानगळ आली आणि भर दुपारी समुद्र चढला. बांध तीन ठिकाणी फुटला. घंटा वाजू लागली. पूर्वी लोक गावामागच्या टेकडीकडे पळत, या वेळी ते चर्चकडे पळाले. रादमार क्रूस घेऊन चर्चच्या दारात पाण्यात उभा राहिला. आयुष्यात केली नव्हती इतक्या कळवळून त्याने प्रार्थना केली. पाणी त्याच्या गुडघ्यांवरून कमरेला आलं आणि पुढे गेलं. तम्मे एकटा एका भगदाडात माती टाकत होता. तो तिथेच वाहून गेला.

चर्चच्या छपरावर चढलेली अकरा माणसं वाचली, आणि त्यांनी वर ओढून घेतला म्हणून रादमार वाचला. पाणी ओसरल्यावर तो त्यांच्यापुढे चिखलात बसला.

"मागच्या खेपेलाही मी काही केलं नव्हतं," तो रडत म्हणाला. "वारा आधीच फिरला होता. मला माहीत होतं आणि मी बोललो नाही. तुमची माणसं माझ्यामुळे गेली."

लोक आता दगड मारतील, असं त्याला वाटलं. मारले असते तर बरं झालं असतं. हिल्के नावाच्या बाईची दोन्ही मुलं वाहून गेली होती. तिने त्याचा चिखलाने भरलेला हात कपाळाला लावला.

"किती नम्र आहात, महाराज! तुम्ही होतात म्हणून आम्ही अकरा तरी वाचलो."

बाकीच्यांनी माना डोलावल्या.

रादमार उठला. गाळात तम्मेचं फावडं सापडलं, ते घेऊन तो भगदाडात उतरला आणि माती टाकू लागला. अकरा जण काठावर गुडघे टेकून, हात जोडून बघत राहिले. माती उचलायला कोणीही खाली उतरलं नाही.

तात्पर्य: न केलेल्या कामाचं श्रेय गप्प राहून घेणं, हेही खोटं बोलणंच आहे; आणि खरं वेळेवर सांगितलं नाही, तर पुढे ते रडून सांगितलं तरी कोणाला पटत नाही.