देवळोंडीचा जामीनकट्टा

देवळोंडीच्या तळ्यावर आलात की आधी बांधावर चढू नका, पायथ्याशी या. हा काळ्या दगडाचा कट्टा बघा. बांधाला पाठ टेकून दोन माणसं बसतील एवढाच आहे. मागे सगळं तळं उभं. दमला असाल तर त्या चिंचेखाली टेका, इथं नको. इथं बसायचा मान फुकट मिळत नाही. त्यासाठी काहीतरी बांधायचा मक्ता घ्यावा लागतो, नाहीतर द्यावा लागतो. याला जामीनकट्टा म्हणतात.

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा तळं नव्हतं, नुसता ओढा होता, आणि गढीवर देसाई होते. देसायांनी ओढ्यावर दगडी बांध घालायचं मनावर घेतलं आणि बाळोजी नावाच्या माणसाला मक्ता दिला. बाळोजीनं जन्मात कधी दगड उचलला नव्हता म्हणे. त्यानं मक्ता घेतला आणि दगडकामाचा पोटमक्ता लगेच हणमा वडाराच्या टोळीला देऊन टाकला. त्या काळी रीत अशी होती, की कामाला एक माणूस जामीन राहायचा. बांध टिकला तर ठीक. फुटला, तर नवा उभा राहून एक पावसाळा झेलेपर्यंत त्या जामिनानं गढीच्या तळघरात राहायचं. जामीन म्हणून बाळोजीनं हणमाचंच नाव पुढं केलं.

हणमानं नाही म्हणायला हवं होतं. पण जामीन राहणाऱ्याला देसाई स्वतःच्या हातानं फेटा बांधायचे, भर सदरेत विडा द्यायचे. दगडाच्या कणीनं पांढरं झालेलं डोकं, आणि त्यावर रेशमी काठाचा फेटा! हणमा हरखून गेला. त्याची बायको दुर्गव्वा, तीही हरखली. कानशिलावर बोटं मोडून तिनं त्याची दृष्ट काढली. तो मान नव्हता, दावं होतं, हे दोघांनाही तेव्हा कळलं नाही.

बांधाच्या दोन्ही अंगांचे घडीव दगड वडरांनी लावायचे आणि मधलं पोट बाळोजीच्या माणसांनी दगडचुन्यानं भरायचं, असं ठरलं होतं. पहिल्याच मोठ्या पुरात बांध पोटातून फुटला. बाळोजीनं काखा वर केल्या. काम वडरांचं, आणि ओढ्याला बळी हवा होता तो मिळाला नाही, असं त्यानं सदरेत सांगितलं. हणमा फेट्यासकट तळघरात गेला. देसायांना तळं तर हवंच होतं आणि बाळोजीच्या जिभेवर साखर होती, तेव्हा दुसरा मक्ताही त्यालाच मिळाला. पोटमक्ता घ्यायला मात्र दुसरी टोळी पुढं येईना. दुर्गव्वा आली. बांध उभा राहिल्याशिवाय तिचा माणूस बाहेर येणार नव्हता.

तळघराला जमिनीलगत एक झरोका होता. दुर्गव्वा रोज तिथून भाकरी द्यायची. आतून फक्त हात यायचा. टाकीहातोडा धरून पडलेले त्या हातावरचे घट्टे हळूहळू जात चालले होते, तळवा मऊ पडत होता. तिला त्या मऊपणाची चीड यायची, असं सांगतात. रडू नाही, चीड. ती कामावर येऊन दगडावर असा घाव घालायची की बाळोजीची माणसं बाजूला सरकायची.

यंदा त्या माणसांनी पोट भरताना भोवती बांबूचे तट्टे आडोशाला लावले. दुर्गव्वा बघायला गेली तर, तुझं काम दर्शनी दगडांचं, तेवढं बघ, म्हणून तिला हाकलली. पायथ्याचे दगड लावताना तिनं दोन मोठे दगड भिंतीबाहेर काढून ठेवले, अगदी पाठ टेकून बसता येईल असे. टोळीनं विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, बसायला.

बांध पुरा झाला. ओढ्याचं पाणी जायला बांधाच्या तळाशी मोरी ठेवली होती; आता तिच्या तोंडावर शिळा सरकवायची, की ओढा अडणार होता. आभाळ भरून आलं होतं. देसाई लवाजम्यासह आले. नव्या बांधाला नवा जामीन लागतो, म्हणून बाळोजीनं नाव पुकारलं ते दुर्गव्वाचं. तबकात फेटा आणि विडा आला. तिनं दोन्ही हातांनी फेटा घेतला, बाळोजीपुढं गेली आणि त्याच्याच डोक्यावर ठेवला.

"माझ्या दगडांची हमी माझी," ती म्हणाली. "पोट तुम्ही भरलंय. तवा पाठ तुम्ही लावायची. पावसाळाभर बसा हितं."

बाळोजी आधी हसला. मग त्याला मुहूर्त आठवला, मग कंबरेचं दुखणं आठवलं. त्या दोन दगडांकडं काही तो पाऊल टाकीना. देसाई तापट होते पण खुळे नव्हते. बांधाचं पोट उघडा, म्हणाले. आत निघाला चिखल आणि झुडपांच्या फांद्या. चुन्याचा मागमूस नव्हता.

देसायांनी तिथल्या तिथं हुकूम सोडले. हणमाला सोडा, याला तळघरात टाका, पोट नव्यानं भरून काढा. सगळे समजले, गोष्ट संपली. दुर्गव्वाच्या मनात ती संपली नव्हती. ती म्हणाली, तळघरात नको, तिथवर पाणी पोचत नाही. बाळोजींना इथंच बसवा. आणि दुसरा दगड सरकारांसाठी आहे.

देसाई लाल झाले. "आम्ही काम दिलं. दगडाला हात लावला नाही. आम्ही का बसायचं?"

"माझ्या माणसाला फेटा कुणी बांधला, सरकार?"

एवढं बोलून ती मोरीच्या तोंडात जाऊन बसली. शिळा सरकवायची तर तिला आत चिणूनच सरकवावी लागणार होती. बाळोजीला तेवढ्यातही संधी दिसली. बळी आपणहून बसलाय, घाला शिळा, म्हणाला. वडरांनी थाप्या आणि पहारी खाली ठेवल्या. एकानंही हात लावला नाही.

तुम्ही अशा गोष्टी पुष्कळ ऐकल्या असतील. कुणाची तरी सून चिणली आणि पाणी थांबलं. देवळोंडीत तसं झालं नाही, हे आम्ही ताठ मानेनं सांगतो. बांधाचं पोट पुन्हा भरून होईपर्यंत दुर्गव्वा तिथंच राहिली. भाकरी तिथं, झोप तिथं. सुटून आलेला हणमा तिच्यासमोर दगड फोडायला बसला, तर पहिल्याच घावांत त्याच्या हाताला फोड आले. ते बघून मात्र ती रडली म्हणे. देसाई बांधावरून ते बघत होते. दुसऱ्या दिवशी ते एकटेच खाली उतरले आणि कट्ट्यावर येऊन बसले. शेजारी बाळोजीला आणून बसवला. तेव्हा दुर्गव्वा मोरीतून उठली.

शिळा सरकली, पाऊस कोसळला, त्या दोघांच्या पाठीमागं पाणी चढत गेलं. वर वडरांची टोळी पाय सोडून भाकरी खात बसली होती. सांडव्यावरून पाणी पडेपर्यंत खालचं कुणी उठलं नाही. बांध हलला नाही.

आजही गावात काही नवं बांधलं, की काम घेणारा आणि काम देणारा या दोघांना या कट्ट्यावर फेटा बांधतात, विडा देतात. मग पूल असेल तर पहिल्या पुराला पुलाखाली बसायचं, टाकी असेल तर पहिल्यांदा भरताना टाकीखाली. ती पलीकडे निळी टाकी दिसते ना? तिच्या कंत्राटदारानं विम्याचे कागद आणले, बँकेची हमी आणली, गळली तर फुकट दुरुस्त करून देऊ असं लिहून आणलं. आम्ही सगळं नीट वाचून कपाटात ठेवलं. चांगलंच आहे ते. फेटा बांधून त्यानं फोटोही काढून घेतला. टाकीखाली बसायची वेळ आली तेव्हा त्याला तातडीची मीटिंग निघाली. मंजुरी देणारे साहेब येऊन बसले होते बिचारे. कंत्राटदाराच्या जागी आला त्याचा पोटकंत्राटदार, हात जोडून. आमच्या बायकांनी त्याला चहा दिला, पोहे दिले, आणि म्हणाल्या, "ऊठ बाबा. ही जागा तुझी नव्हे."

टाकी अजून कोरडी आहे. पाणी आम्ही याच तळ्याचं पितो. फेटा घडी करून ठेवलाय, कंत्राटदार येईल तेव्हा पुन्हा बांधू.