मुंग्यांनी लिहिलेली पोथी

माणसाला अक्षर ठाऊक नव्हतं, तेव्हा जंगलात पोथी होती. पाण्याच्या वाटा तिच्यात लिहिलेल्या. एक म्हातारं साळिंदर स्वतःच्याच काट्यानं ती लिहायचं. तोंडानं महाफटकळ.

एका उन्हाळ्यात जुनं तळं आटलं. पोथीत त्याचं नाव पाचशे ठिकाणी, दर वेळी दोन लाल ठिपक्यांच्या मध्ये. ऊन चढायच्या आत हरणांचा कळप पोथी वाचून निघणार होता. आटलेल्या तळ्यावर गेला असता तर पाडसं तहानेनं मेली असती.

"आजोबा, हुकूम द्या, आम्ही बदलतो," मुंग्यांची म्होरकी म्हणाली.

"तुम्ही? बरं. लाल ठिपक्यापासून लाल ठिपक्यापर्यंत असेल ते पुसा, तिथं 'पळसझरा' लिहा. तो त्याच वाटांवर, जरा पुढं आहे, अजून वाहतोय."

"आधी एका रद्दी पानावर बघू."

मुंग्या पानाच्या पहिल्या ठिपक्यापासून पुसत निघाल्या, त्या थेट शेवटच्या ठिपक्याला थांबल्या. पानभर एकच शब्द उरला.

"खादाड मेल्यांनो! वाटासुद्धा गिळल्यात!"

"कोणत्या ठिपक्यापर्यंत, ते कुठं सांगितलंत?"

साळिंदराचे फुललेले काटे खाली बसले. "पुढं जो पहिला भेटेल, तिथंच थांबा."

काळी रांग पोथीवरून नुसती सरकत गेली. दव सुकायच्या आत पाचशे जागी पळसझरा, बाकी एक काना हलला नाही. जन्मभर एकेक अक्षर कोरणारं साळिंदर आ वासून बघत राहिलं.

"आजोबा, एका सकाळीत एवढं लिहिलंत?" हरणीनं विचारलं.

"मुंग्यांनी लिहिलं, बाई. थांबायचं कुठं, तेवढं मी सांगितलं. तेही दुसऱ्या खेपेला."