एक लाख अकरा हजार एकशे अकरावी वात

फार फार पूर्वी गोदूबाईंनी नवस बोलला होता, "लेक सुखरूप बाळंत झाली, तर देवीपुढे एक लाख अकरा हजार एकशे अकरा वाती लावीन. प्रत्येक दिव्यात सारख्याच घालीन, एकही उरू देणार नाही."

लेक सुखरूप सुटली. वर्षभर वाती वळून झाल्या. शेवटची तेवढी कापूस संपल्यामुळे आखूड झाली.

उद्यापनाच्या सकाळी गोदूबाईंनी वातींच्या दोन राशी केल्या, तर आखूड वात उरली. पाच केल्या, तरी तीच उरली. दहा केल्या, तरी तीच!

"तुझ्यामुळेच घोळ झाला गं!" लांब वाती फणकारल्या. "जा, पड केरात."

तुपाचा थेंबही न चाखता आपण संपणार, म्हणून आखूड वात रडू लागली.

तेव्हा देव्हाऱ्यातली जुनी समई म्हणाली, "गोदू, दोना-पाचाचाच हट्ट का गं? तीन राशी कर की."

तीन केल्या, कुणीच उरलं नाही. सात केल्या, अकरा केल्या, तेरा केल्या, तरी नाही. सदतीस केल्या, तर प्रत्येक राशीत बरोबर तीन हजार तीन वाती!

गोदूबाईंचे हात आपोआप जोडले गेले. "एका आकड्याच्या पोटात एवढी घरं कुणी गं बांधली?"

"आता आखूड वात काढून बघ," समई म्हणाली.

काढली मात्र, त्या पाचही वाटण्या मोडल्या. लांब वातींनी सरकून आखूड वातीला आपल्यात जागा करून दिली.

सांजेला पहिली ज्योत आखूड वातीचीच लागली. बायांनो, कुणाला उरलेली म्हणण्याआधी तुम्हीही राशी पुन्हा एकदा मांडून बघा.